एकाच कापसाचे दोन धडे : शाळेतला विज्ञान प्रकल्प कुणासाठी?

नवे शैक्षणिक धोरण आल्यापासून शाळेत काही शब्द सतत ऐकू येतात. करून शिका. उपयोजित विज्ञान. विषयांच्या भिंती पाडा. कौशल्य शिक्षण. दप्तराविना दहा दिवस. २०२० च्या या धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी सुतारकाम, वीजकाम, धातुकाम, बागकाम, मातीकाम यांची ओळख करून घ्यावी आणि दहा दिवस सुतार, माळी, कुंभार, कलाकार अशा स्थानिक कारागिरांकडे जाऊन शिकावे, असे लिहिलेले आहे.

आपल्याकडे यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया उमटतात. एक गट म्हणतो, 'हा मनुवादाचा नवा डाव आहे, आपल्या पोरांना पुन्हा रापी आणि झाडूकडे ढकलायचे आहे.' दुसरा गट म्हणतो, 'जग बदलले आहे, घोकंपट्टी सोडा, पोरांना हाताने काम करू द्या.' आम्हाला हे दोन्ही निष्कर्ष घाईचे वाटतात. हाताने करून शिकणे हा प्रकार ना जन्माने पुरोगामी आहे, ना जन्माने मनुवादी. कापसाचे तेच बोंड मुलाच्या हातात देऊन त्याला शास्त्रज्ञ करता येते आणि मजूरही करता येते. हे दोन्ही इतिहासात घडलेले आहे. म्हणून मत बनवण्याआधी तो इतिहास नीट बघू.

पहिला धडा : शिकागो

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी ज्यांच्या तासांना हजेरी लावली, त्यांत जॉन ड्यूई हे नाव सर्वांना माहीत आहे. पण आपल्याकडे ड्यूई येतात ते फक्त 'बाबासाहेबांचे गुरू' म्हणून. या गुरूने एक शाळा चालवली होती, हे फारसे सांगितले जात नाही.

१८९६ साली शिकागो विद्यापीठात ड्यूई यांनी एक प्रायोगिक शाळा काढली. तिथल्या मुलांपुढे कच्चा कापूस, जवसाच्या झाडाचा ताग आणि मेंढीच्या अंगावरची लोकर ठेवली जाई. मग प्रश्न यायचा : माणसाने लोकरीचे कापड आधी विणले आणि सुती कापडाचा उद्योग मागून का वाढला? मुलांनी बोंडातून आणि सरकीतून कापूस हाताने सोडवायला घेतला. अर्धा तास खपल्यावर एका गटाच्या हाती एक औंस, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमसुद्धा रुई आली नाही. उत्तर पुस्तकातून नव्हे, बोटांच्या दुखण्यातून मिळाले. मग मुलांनी तंतू ताणून पाहिले. कापसाचा तंतू आखूड, लोकरीचा लांब आणि खरबरीत, त्यामुळे एकमेकांना धरून राहणारा. पुढे पिंजणे आले, पीळ देणे आले, चाती आली, माग आला. एका कापसातून वनस्पतिशास्त्र, यंत्रशास्त्र, भूगोल आणि इतिहास असे चारही विषय निघाले. १८९९ साली आलेल्या 'स्कूल अँड सोसायटी' या पुस्तकात ड्यूई यांनी हा प्रयोग सांगितला आहे.

आता यातली मेख बघा. त्या मुलांनी काढलेल्या रुईची किंमत शून्य होती. ती विकायची नव्हती. प्रश्न पडणे, हाच त्या कामाचा मोबदला होता.

१९१६ च्या 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' या ग्रंथात ड्यूई यांनी त्याला तत्त्वज्ञानाची जोड दिली. डोक्याचे शिक्षण श्रेष्ठ आणि हाताचे शिक्षण कनिष्ठ, ही फाळणी निसर्गाने केलेली नाही. प्राचीन ग्रीसमध्ये कष्ट गुलाम करत होते आणि विचार करायला मोकळे नागरिक होते. त्या समाजाने ही फाळणी जन्माला घातली आणि शिक्षणाने ती तशीच उचलली, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणूनच कामगारांच्या मुलांसाठी वेगळ्या धंदेशिक्षणाच्या शाळा काढायला त्यांनी त्या काळी अमेरिकेत विरोध केला. हात आणि डोके एकाच मुलाच्या अंगावर असतात, तर त्यांच्या शाळा वेगळ्या कशाला?

ग्रीसच्या जागी भारत ठेवा, गुलामाच्या जागी शूद्र-अतिशूद्र ठेवा, म्हणजे हा विचार बाबासाहेबांना इतका जवळचा का वाटला असेल ते कळेल. 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये ते बजावतात की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची.

पण आपण ड्यूईंचेही भक्त व्हायचे कारण नाही. शिकागोच्या त्या शाळेतली मुले बहुतांशी प्राध्यापकांची आणि शिकलेल्या घरांतली होती. बापाच्या पिढीत कुणी कापूस वेचला नव्हता, म्हणून त्यांना कापूस हा निव्वळ कुतूहलाचा विषय होता. ज्या देशात ही शाळा चालली, त्याच देशात १७९३ साली सरकी काढायचे यंत्र आले आणि त्याने कष्ट कमी होण्याऐवजी दक्षिणेतली कापसाची लागवड व गुलामगिरी दोन्ही फोफावली. यंत्र कुणाच्या मालकीचे, हा प्रश्न सोडून कापसाचे विज्ञान शिकवले तर ते अर्धेच विज्ञान असते.

दुसरा धडा : वर्धा

आता त्याच कापसाचा दुसरा धडा. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. गांधीजींची कल्पना पुढे ठेवण्यात आली : सात वर्षांचे सक्तीचे शिक्षण, मातृभाषेतून, आणि सगळे शिक्षण एका हस्तोद्योगाभोवती. झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला. हस्तोद्योगांत प्रमुख होती सूतकताई. मुलाच्या हातात टकळी आली.

या योजनेतले चांगले आधी सांगू. उच्चवर्णीय मुलानेही हाताने काम करावे, ही गोष्ट त्या काळच्या भारतात लहान नव्हती. अभ्यासक्रमात सामान्य विज्ञान होते, समाजशास्त्र होते, सूत मोजताना गणित होते. कागदावर तरी हे विषयांच्या भिंती पाडणारे शिक्षण होते.

मग बिनसले कुठे? एका अटीवर. मुलांनी तयार केलेल्या मालातून शाळेचा, निदान शिक्षकाच्या पगाराचा खर्च निघावा, ही गांधीजींची अपेक्षा होती. त्याच परिषदेत अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांनी या स्वावलंबनाच्या कल्पनेवर आक्षेप घेतला होता. आक्षेप साधा आहे. सूत विकायचे ठरले की प्रश्न बदलतो. 'तंतू का तुटला?' या प्रश्नाच्या जागी 'आज किती वार झाले?' हा प्रश्न येतो. चूक करणे ही प्रयोगातली पहिली पायरी असते, पण उत्पादनात चूक म्हणजे नुकसान. शिकागोच्या मुलाला अर्ध्या तासात एक औंस रुई न निघणे हा शोध होता. टकळीवरच्या मुलाच्या बाबतीत तीच गोष्ट कामचुकारपणा ठरते.

दुसरी गोष्ट काळाची. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' प्रसिद्ध झाल्यावर गांधीजींनी 'हरिजन'मधून उत्तर दिले आणि प्रत्येकाने वडिलोपार्जित धंद्यावर उपजीविका करावी, हा वर्णाचा नियम असल्याचे मांडले. पुढच्याच वर्षी वर्धा योजना आली. कुंभाराच्या मुलाने मडकीच करावीत असे वर्धा योजनेत कुठेही लिहिलेले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण वर्णाचा नियम आणि हस्तोद्योगाची शाळा एकाच तोंडून वर्षभराच्या अंतराने येत असेल, तर ज्याच्या पाठीवर त्या नियमाचे वळ आहेत त्याने संशय घेणे यात काय चुकले?

बाबासाहेबांचे उत्तर यंत्राच्या बाजूने होते. १९४५ च्या 'काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले' या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला आहे. यंत्राने माणसाला फुरसत मिळते, फुरसतीतून संस्कृती घडते, आणि राबणाऱ्या माणसाला पशूच्या जिण्यातून बाहेर काढायचे तर यंत्राशिवाय गत्यंतर नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. यंत्राचा गैरवापर होत असेल तर समाजरचना बदला, यंत्र मोडू नका.

संशय खरा ठरला : मद्रास १९५३

हा संशय पोकळ नव्हता, हे मद्रास राज्याने दाखवून दिले. १९५३ साली मुख्यमंत्री राजगोपालाचारींनी प्राथमिक शिक्षणाची सुधारित योजना आणली. शाळेची वेळ रोज तीन तासांवर आणली आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा असे ठरवले. न्हाव्याचे पोर न्हाव्याकडे, धोब्याचे पोर घाटावर, आणि ज्याच्या घरी पोथी आहे त्याचे पोर पोथीपाशी. तिथल्या लोकांनी तिचे नाव ठेवले 'कुलक्कल्वी', म्हणजे कुळाचे शिक्षण. पेरियार रस्त्यावर उतरले, द्रविड मुन्नेत्र कळघम उतरला. १९५४ मध्ये राजाजींना पद सोडावे लागले आणि कामराज यांनी मुख्यमंत्री होताच योजना गुंडाळली.

ही आठवण तिथे अजून जिवंत आहे. अठरा पारंपरिक व्यवसायांसाठी केंद्राने २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना आणली, तेव्हा तमिळनाडूने ती आहे त्या स्वरूपात राबवायला २०२४ मध्ये नकार दिला. ज्या समाजाला आपला इतिहास पाठ असतो, तो सरकारी कागद वेगळ्या नजरेने वाचतो.

अमेरिकेतला हाच वाद

काळ्या समाजातही हा झगडा झाला. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ पासून टस्कीगीची संस्था उभारली. विद्यार्थी विटा पाडत, इमारती बांधत, शेती करत. तिथेच जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी १९०६ साली घोडागाडीवर फिरती शेतीशाळा सुरू केली आणि कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग, चवळीसारखी पिके घ्यायला शेतकऱ्यांना शिकवले. हे उत्तम उपयोजित विज्ञान होते. पण वॉशिंग्टन यांनी राजकीय हक्कांचा प्रश्न मागे ठेवला, म्हणून डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांनी १९०३ मध्ये त्यांच्यावर कडक टीका केली. नुसते हातकाम शिकवून उच्च शिक्षण आणि मताधिकार बाजूला ठेवला तर ती दुय्यमपणाला दिलेली संमती ठरते, असे त्यांचे म्हणणे होते. याच डू बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते.

या वादातून आम्ही काय घेतो? कार्व्हर यांची गाडी हवी, आणि डू बॉईस यांची अटही हवी.

धोटा आणि थुंकी

आता आपल्या मातीतले, कापसाचेच, पण कुठल्याही पाठ्यपुस्तकात नसलेले प्रकरण.

मुंबईच्या कापड गिरण्यांत आपले लोक हजारोंनी राबत होते. पण कुठे? कताईच्या, कमी पगाराच्या खात्यांत. विणकाम खात्यात पगार चांगला आणि तिथे अस्पृश्यांना मज्जाव. कारण काय? मागावरच्या धोट्यातली कांडी संपली की नवी भरावी लागते आणि दोऱ्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून बाहेर काढावे लागते. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागते. अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा स्पृश्य कामगाराला चालत नव्हता. १९२८ च्या गिरणी संपात कामगार पुढाऱ्यांनी मागण्यांची यादी केली, तेव्हा बाबासाहेबांनी विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी त्यात घालावी, असा आग्रह धरला. कामगारांची एकजूट हवी असेल तर आधी धोट्यावरची जात पुसा, असा त्याचा अर्थ होता.

हाच धोटा इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या गिरण्यांतही होता आणि तिथेही कामगार तोंडानेच दोरा ओढत होते. तिथे चर्चा झाली ती रोगाच्या संसर्गाची आणि छातीत जाणाऱ्या कापसाच्या कणांची. त्यावर तांत्रिक तोड निघाली : तोंड न लावता दोरा ओवता येईल असे धोटे तयार झाले.

एकच धोटा, एकच थुंकी. विज्ञानाने विचारले, या थुंकीतून कोणता जंतू जातो? जातीने विचारले, ही थुंकी कुणाची? पहिल्या प्रश्नातून नवे यंत्र निघाले. दुसऱ्या प्रश्नातून आपल्या माणसांच्या हातातला घास गेला.

दहावीच्या वर्गात या धोट्यावर प्रकल्प झाला पाहिजे, असे आम्हाला वाटते. त्यात भौतिकशास्त्र आहे, जीवशास्त्र आहे, आरोग्य आहे, पगाराचे गणित आहे आणि १९२८ चा इतिहास आहे. विषयांच्या भिंती पाडायच्या म्हणता ना? मग ही भिंतही पाडा.

फुले आणि बाबासाहेबांनी नेमके काय मागितले?

आपल्यातले काहीजण 'हाताने काम' म्हटले की हात झटकतात. त्यांनी जोतीराव वाचावेत. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंत सक्तीचे शिक्षण मागितले. अभ्यासक्रमात मोडी, बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांच्या सोबत शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे मागितले. शिक्षक कसा हवा, तेही सांगितले : शेतकऱ्यांत मिसळणारा, वेळ पडली तर नांगर किंवा सुताराची तासणी हातात धरायला न लाजणारा.

जोतीरावांनी कष्टकऱ्याच्या मुलाला नांगराला जुंपायला सांगितले नाही. त्यांनी शिक्षकाला नांगर धरायला सांगितले. राजाजींची योजना मुलाला बापाच्या कामात परत पाठवते. जोतीराव बापाचे काम शाळेत आणतात आणि ते ज्ञान म्हणून तपासायला लावतात. दिशाच उलटी आहे.

बाबासाहेबांच्या वाट्याला शाळेत काय आले ते आपण जाणतोच. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये फळ्यावर गणित सोडवायला बोलावले, तर फळ्यामागे ठेवलेले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून मुलांनी गलका केला. संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. फळ्याला हात लावणे आणि विषय निवडणे, या दोन गोष्टी ज्याला नाकारल्या गेल्या, त्याने पुढे काय मागितले?

१९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले. त्यात त्यांनी स्पष्ट म्हटले की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाला फारसा हात मिळणार नाही. विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे प्रगत शिक्षण हवे, आणि ते इतके महाग आहे की सरकारी मदतीशिवाय झेपणार नाही. म्हणून देशात आणि परदेशात विज्ञान-तंत्रज्ञान शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या द्या. आज आपली पोरे ज्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची वाट बघतात, तिचे मूळ १९४४ साली सुरू झालेल्या त्या मदतीत आहे.

स्वतः कायदेपंडित असलेला माणूस समाजाला म्हणतो, विज्ञानाकडे जा! आणि ते नुसते बोलले नाहीत. दामोदर खोऱ्याच्या प्रकल्पाच्या आखणीत त्यांनी पूरनियंत्रण, सिंचन आणि वीज यांचा एकत्र विचार केला. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले ते कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांसह. उपयोजित विज्ञान त्यांनी मागितले ते वरच्या टोकाचे, जिथे निर्णय होतात तिथले.

होशंगाबाद आणि पाबळ

स्वतंत्र भारतात शाळेतल्या विज्ञानाचा कस लावणारे दोन प्रयोग आपण समजून घेतले पाहिजेत.

पहिला होशंगाबादचा. १९७२ साली मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्यात किशोर भारती आणि रसुलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत काम सुरू केले. तिथली माध्यमिक म्हणजे सहावी ते आठवी. अनिल सद्गोपाल, टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक त्यात होते. सरकारी, खेड्यातल्या शाळा. पुस्तकाचे नाव 'बाल वैज्ञानिक', आणि त्यात उत्तरे छापलेली नाहीत. उत्तरे प्रयोगातून काढायची. मुले चार-चारच्या टोळीत बसून प्रयोग करत, गावात फिरून नमुने गोळा करत. परीक्षेत पुस्तक उघडायची मुभा आणि प्रयोगाला गुण. १९७८ मध्ये हा कार्यक्रम पूर्ण जिल्ह्यात गेला, १९८२ पासून एकलव्य संस्थेने तो पुढे नेला, आणि शाळांची संख्या हजारच्या आसपास पोहोचली. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. तीस वर्षे खेड्यातली पोरे प्रश्न विचारत होती, एका आदेशाने पुन्हा घोकायला लागली.

दुसरा आपल्या पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा. शिकागोहून पीएच.डी. घेतलेले आणि मोठ्या कंपनीत संशोधन केलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांनी आठवी ते दहावीसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान' हा विषय उभा केला. आठवड्यातला एक दिवस कामाचा : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. एकाच मुलाने वेल्डिंगही करायचे, माती-पाणीही तपासायचे, रक्तगटही तपासायला शिकायचे. मुलीही वेल्डिंग करणार आणि मुलेही स्वयंपाकघरातले विज्ञान शिकणार. जातीची पहिली अट असते एक जात, एक धंदा. इथे प्रत्येकाला चारही. वर्णव्यवस्थेला हा फार मोठा सुरुंग आहे, भले कुणी तसे नाव देवो न देवो.

पण दोन्ही प्रयोगांना आमचा एक प्रश्न आहे. दोन्ही बव्हंशी खेड्यातल्या, सरकारी किंवा गरीब मुलांच्या शाळांत वाढले. शहरातल्या मोठ्या फीच्या शाळांनी आपल्या मुलांसाठी हे का मागितले नाही? १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने दहावीपर्यंत सर्वांना विज्ञान-गणित, सर्वांना कार्यानुभव आणि सर्वांसाठी समान शाळा अशा गोष्टी एकत्र सांगितल्या होत्या. देशाने कार्यानुभव उचलला आणि समान शाळा टाकून दिली. मग कार्यानुभवाचे काय झाले? कागदी फुले आणि खडू तयार करण्याचा तास. जोवर कलेक्टरचे पोर आणि सफाई कामगाराचे पोर एका बाकावर बसून एकच पाना फिरवत नाही, तोवर हातकाम हे 'त्यांच्यासाठी' आणि विज्ञान हे 'आपल्यासाठी' अशीच वाटणी राहणार.

आज काय चालले आहे?

आज 'प्रकल्प' म्हणजे काय? स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा थर्माकोलचा ज्वालामुखी. झेरॉक्सवाल्याकडची तयार प्रकल्पवही. ज्याच्या बापाकडे पाचशे रुपये आहेत, त्याला चांगले गुण. वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्हाला दर वर्षी असे आईबाप भेटतात, ज्यांनी एका दिवसाची मजुरी पोराच्या चार्टपेपरवर आणि चकाकत्या कागदावर घातलेली असते. हे विज्ञान नाही, हा शाळेने लावलेला कर आहे.

दुसऱ्या टोकाला अटल टिंकरिंग लॅब आहेत. एका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान, त्रिमितीय प्रिंटर, रोबोटचे संच. २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा पन्नास हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. आम्ही याचे स्वागत करतो आणि लगेच विचारतो : किल्ली कुणाकडे? लॅब पाहुणे आल्यावरच उघडते की रोज? आणि उघडल्यावर प्रिंटरला हात कोण लावते, टेबल कोण पुसते?

त्याच वेळी केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग वगळला जातो. रोबोट चालेल, डार्विन चालणार नाही! संविधानाच्या कलम ५१(क) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे कर्तव्य म्हणून लिहिले आहे, ते तंत्रज्ञान वापरण्यापुरते नाही. प्रश्न विचारण्याची ती जबाबदारी आहे.

तीन कसोट्या आणि एक काम

म्हणून कोणताही विज्ञान प्रकल्प समोर आला की आपण तीन गोष्टी तपासायच्या.

एक, अवजार कुणाच्या हातात आहे? सर्व मुलांच्या, मुलींच्याही, की ठरावीक मुलांच्या?

दोन, प्रश्न कुठला आहे? 'किती माल झाला' की 'असे का होते'?

तीन, वाट कुठे जाते? या प्रकल्पानंतर पोर अकरावी विज्ञानाच्या दारात उभे राहते, की 'तुला हातकाम चांगले येते' म्हणून विज्ञानापासून बाजूला काढले जाते?

या तिन्हीत जे उतरते ते आपले. जे तिसऱ्या कसोटीत नापास होते, ते कितीही आधुनिक दिसो, कुलक्कल्वीच आहे.

आणि नुसती टीका करून थांबू नका. प्रकल्प आपणच सुचवू. महाडच्या चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी पाण्यापासून सुरुवात करावी : आपल्या वस्तीचे आणि गावच्या दुसऱ्या टोकाचे पाणी, त्यातला क्षार, क्लोरिन, नळाचा दाब, पाणी येण्याची वेळ, हंड्यामागे चालावी लागणारी पावले. महिनाभर रोज नोंद घ्या आणि आलेख काढा. तो आलेख विज्ञान प्रदर्शनातही ठेवता येतो आणि ग्रामसभेतही.

गटारातल्या मृत्यूंवर प्रकल्प करा. बंद गटारात ऑक्सिजन संपला की जिवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी साचणारा. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते आणि माणसाला वाटते वास गेला. २०१३ चा कायदा असताना माणूस आत का उतरतो, ३० लाखांच्या भरपाईचा २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश कुणाला माहीत आहे, यंत्राची किंमत किती आणि नगरपालिकेचे अंदाजपत्रक किती? रसायन, जीवशास्त्र, कायदा, गणित सगळे एका वहीत. मुलांना मॅनहोलजवळ मात्र अजिबात पाठवायचे नाही. हे काम वाचन, मुलाखती आणि वर्गातल्या साध्या प्रयोगांवर करायचे. ज्या खड्ड्यातून समाजाला बाहेर काढायचे, त्यात पोराला वाकवून बघायला लावणे हा प्रयोग नव्हे.

कातड्याचे रसायन शिका. बाभळीची साल आणि हिरडा यांतल्या टॅनिनने कातडे का कुजत नाही, हे आपल्या पूर्वजांच्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या कळत होते. त्या ज्ञानाला रसायनशास्त्र म्हटले गेले नाही, कारण ते करणाऱ्याला माणूस म्हटले गेले नाही. पण बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडायला सांगितले, हेही त्याच वहीत लिहा. पूर्वजांच्या ज्ञानाचा अभिमान वेगळा आणि त्या धंद्यात अडकून पडणे वेगळे. कातडे कुंडात बुडवायला नव्हे, त्याचा रेणू समजून घ्यायला आपण शाळेत जातो.

तरुण मित्रांनो, तुमच्यातले कितीतरी आज बी.एस्सी., इंजिनीअरिंग, आयटीआय करत आहेत. जयंतीला डीजे लागतो, त्याच्या एका तासाच्या भाड्यात वस्तीच्या अभ्यासिकेसाठी एक भिंग, तापमापी, मल्टीमीटर आणि पाणी तपासायच्या पट्ट्या येतात. दर रविवारी दोन तास द्या. आठवी ते दहावीची पोरे गोळा करा. शाळा व्यवस्थापन समितीत आपली माणसे असतील तर त्यांना विचारायला लावा : प्रयोगशाळेची किल्ली कुठे आहे, या वर्षी किती प्रयोग मुलांनी स्वतःच्या हाताने केले, दहावीनंतर आपली किती पोरे विज्ञानाला गेली? ही तीन उत्तरे लेखी मागा.

व्यवस्थेला आपला हात हवा आहे, डोके नको. दोन-चार जणांचे डोके घ्यायची तिची तयारी असते, पण त्यांनी आपल्या माणसांचा हात सोडावा, या अटीवर. आपण दोन्ही घेऊन प्रयोगशाळेत शिरायचे आहे, आणि एकट्याने नाही, सगळ्या वस्तीने.

जय भीम!